हृदयाने बोलू नये म्हणून

राजाचं सातवं वर्ष. पुराचा दुसरा महिना, दिवस ३

पोचलो एकदाचा! अब्जूहून निघाल्यापासून पाच दिवस होडीत गेले, पण वारा असा भरात होता की नावाडी अर्धा वेळ झोपलेलाच होता. नाईल इतकी फुगली आहे की काठावरच्या खजुरी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या दिसतात. वासेत शहर सगळं पूर्व काठाला. आमचा मुक्काम मात्र पश्चिम काठाला, मेलेल्यांच्या बाजूला. होडीतली बाकीची माणसं पलीकडे उतरली आणि माझ्याकडे पाहून त्यांनी ताईत चाचपले. मला हसू आलं. ज्यांनी ताईत चाचपले, त्यांचे ताईत माझ्यासारखाच कुणीतरी कोरतो ना!

खोली छान आहे. मातीच्या विटांची, नुकता चुना दिलेली. वर बसायला गच्ची. शेजारीण बदकं पाळते. आल्या आल्या तिने गरम भाकरी आणि चार कांदे आणून दिले, आणि भाकरी खाली ठेवायच्या आधीच विचारलं की बायको कुठाय. सांगितलं, मेरेत महिन्याभराने येईल. तिचे वडील सेन्नू, माझे सासरे आणि माझे गुरूही, गेल्या वर्षी पूर्वेच्या वाळवंटात दगडाच्या खाणीवर वारले. त्यांच्या मागचं घर आवरून ती येते आहे. खाणीवरचं ऊनच तसं. देवाची इच्छा.

हे टिपण पाठकोऱ्या कागदांवर लिहितो आहे. सराव सुटला की अक्षर रुसतं, असं सासरे म्हणायचे.

पुराचा दुसरा महिना, दिवस ५

आज शुद्धीघरात कामाला लागलो. गावाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मोठा मांडव आहे. पुढे खाराचे ढीग, त्यात मुरायला ठेवलेले देह. मागे पट्ट्या गुंडाळायची खोली. तिच्या पलीकडे, तयार झालेले देह नातेवाईक घेऊन जाईपर्यंत ठेवायची थंड खोली. खार, राळ आणि आणखी एक वास, त्याचं नाव नको. दुपारपर्यंत नाकाला सवय झाली आणि मी मांडवातच बसून भाकरी खाल्ली.

मालकाचं नाव पाशेद. पोट सुटलेला, सतत घामेजलेला, जिभेचा तिखट आणि मनाचा मऊ माणूस. गरिबाचं लेकरू गेलं तर हा फुकट गुंडाळून देतो, वर निळ्या डोळ्याचा एक ताईत गळ्यात घालतो. मला त्याने पहिल्याच दिवसापासून अब्जूकर म्हणायला सुरुवात केली. म्हणाला, अब्जूकर, आपल्या धंद्यात गिऱ्हाईक कधी भांडत नाही, भांडतात ते त्याचे वारस. पट्ट्या गुंडाळणारा तुरो. म्हातारा, जवळजवळ बहिरा, आणि बहिरा असल्यामुळेच मनसोक्त बेसूर गातो.

माझं काम सोपं आणि मानाचं. ताईत तयार येतात: पाठकण्याचा खांब, मानेखालची उशी, लाल गाठ, दोन बोटं. त्यांना माझा हात लागत नाही. मी फक्त भुंग्याचं काम करतो. तळहाताएवढा, हिरव्या दगडाचा, हृदयावर ठेवायचा. त्याच्या पोटावर मंत्र आधीच कोरलेला असतो. मेल्यावर देवांसमोर हृदय तोलतात, त्या वेळी, पारड्यात बसल्यावर, हृदयाने धन्याविरुद्ध तोंड उघडू नये म्हणून. मंत्रात नावापुरती जागा कोरी सोडलेली असते. ते नाव कोरायचं, एवढंच. पण नाव नसेल तर मंत्र कुणासाठी हे दगडाला कसं कळणार? सगळा खेळ माझ्या चार खुणांचा आहे, असं मी पाशेदला म्हणालो. तो म्हणाला, उतू नको, अब्जूकर.

पुराचा दुसरा महिना, दिवस १२

पहिला भुंगा कोरला. कालव्यावरचा मुकादम नेबसेत याच्यासाठी. नाव सुरेख उठलं, पण शेवटच्या खुणेला छिन्नी निसटली आणि भुंग्याच्या डाव्या मागच्या पायाचा टवका उडाला. नशीब, कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळच्या आधी नेबसेतची दोन मुलं आली. त्यांच्यासमोर तुरोने भुंगा छातीवर ठेवला, पुजाऱ्याने मंत्र म्हटला, धाकटा मुलगा रडला. बाहेर पडताना तो माझ्याजवळ थांबला. विचारलं, नाव नीट आहे ना? चूक नाही ना? मी म्हटलं, तुझ्या वडिलांना आता कुणी बोल लावणार नाही. त्याने माझा हात धरून कपाळाला लावला. फार बरं वाटलं.

मेरेतला निरोप धाडला आहे. म्हटलं, ये आता, खोलीत तुझ्यावाचून कांदेसुद्धा गोड लागत नाहीत.

पुराचा तिसरा महिना, दिवस १

एक गोष्ट लिहावी की नाही, ठरत नव्हतं.

सकाळी पाशेदने नवा भुंगा दिला, एका विधवेसाठी. नावाची जागा कोरी होती, पण बोट फिरवलं तर किंचित खोलगट लागली. घासलेली. आणि डाव्या मागच्या पायाला टवका.

तुरोच्या कानात ओरडून विचारलं. त्याने काहीही लपवलं नाही. दोन बोटं वर करून दाखवली, लांब, सडसडीत, राळेने काळी झालेली. नातेवाईक बाहेर पडले, पुजारी हात धुवायला गेला, की ही दोन बोटं पट्ट्यांच्या आत जातात, भुंगा बाहेर येतो, त्याच मापाचा मातीचा गोळा आत जातो. वरून उंचवटा तोच दिसतो. हिरवा दगड आता मिळतोच कुठे, म्हणाला. गेल्या दोन वर्षांत या मांडवातून जे जे गेले, त्या सगळ्यांच्या छातीवर हाच एक भुंगा बसून उठला आहे.

पाशेदला विचारलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो मला बाहेर सावलीत घेऊन गेला. म्हणाला, "अरे, मंत्र म्हटला ना? पोरांनी बापाच्या छातीवर दगड पाहिला ना? त्यांचं समाधान झालं. मेलेल्याला काय, माती काय नि दगड काय. आणि खरं सांग, तुझं हृदय कधी बोललंय तुझ्याशी?"

मी हसलो. मग आत येऊन विधवेचं नाव कोरलं.

पुराचा तिसरा महिना, दिवस ४

दुपारी थंड खोलीत जुन्या पेट्यांवरची नावं तपासायला गेलो. नेबसेत भिंतीशी उभा करून ठेवला आहे, दफनाला अजून पाच दिवस. कुणीतरी बोलत होतं. आधी वाटलं तुरो गुणगुणतोय. पण तुरो बाहेर पट्ट्या फाडत होता, मला दारातून दिसत होता.

आवाज बारीक. रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा. मी जवळ गेलो. छातीच्या उंचवट्याशी कान नेला.

बांधाला भेग होती. मला दिसली होती. मी जेवायला घरी गेलो. बांधाला भेग होती. मला दिसली होती. मी जेवायला घरी गेलो.

तेच. पुन्हा पुन्हा. न थांबता, न चढता, यादी वाचावी तसं.

पाशेदला बोलावून आणलं. त्याने कान लावला, मग माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाला, ऊन लागलंय तुला, बिअर पी, पाणी घालून.

संध्याकाळी शेजारणीला सहज विचारलं, इथे कधी बांध फुटला होता का. ती बदकांना दाणे टाकायची थांबली. म्हणाली, नऊ वर्षांपूर्वी, खालची वस्ती झोपेतच गेली. माझी बहीण होती तिथे.

पुराचा तिसरा महिना, दिवस ९

आज नेबसेत गेला. बैलांनी ओढली गाडी, रडणाऱ्या बायका पुढे, धाकटा मुलगा मागे. मुलाने मला नमस्कार केला. मी खाली पाहिलं. पट्ट्यांतून आवाज चालूच होता, पण तो त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. ऐकू येतं ते फक्त मलाच. नाव मी कोरलं होतं, मातीचा गोळा आत आहे हे कळूनही मी गप्प बसलो होतो, म्हणून असेल.

गाडी टेकडीआड गेली. मी मोकळा श्वास घेतला. थंड खोलीत परत आलो, ती आता रिकामी होती.

आवाज होताच.

भिंतीपाशी नव्हता. माझ्याबरोबर चालत होता. शब्द लागत नव्हते, नुसती कुजबुज. मी छातीवर हात दाबला तर तो हाताखाली दबला.

पुराचा तिसरा महिना, दिवस ११

पाशेदने दुपारी घरी जेवायला नेलं. मसूर, खारवलेला मासा, अंजिरं. त्याची बायको फार प्रेमळ. मेरेत आल्यावर तिला कोणत्या विहिरीचं पाणी गोड, कोणती बाई कजाग, सगळं सांगणार आहे. सासऱ्यांची चौकशी केली. मी सांगितलं, बिचारे खाणीवर उन्हाने वारले.

खोटं.

वरचा शब्द मी लिहिलेला नाही. म्हणजे अक्षर माझंच आहे, तो वळणदार फटकारा माझाच. पण मी लिहिला नाही. मी पुढचं वाक्य लिहायला शाई घेतली, हात खाली आला आणि

हिरवा दगड तू उचललास.

लेखणी फेकून दिली आहे. उद्या दुसरी घेतो.

पुराचा तिसरा महिना, दिवस १२

ठीक आहे. लिहून टाकतो. लिहिलं की थांबेल.

आई वारली तेव्हा घरात तिला गुंडाळायला धड कापडही नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे धुतले तिने नदीवर, गुडघ्याएवढ्या पाण्यात, मगरींच्या भीतीत. तिचं हृदय पारड्यात काय बोलेल, या धास्तीने शेवटचे चार दिवस ती झोपली नाही. कसली पापं असणार तिची? सासरे आणि मी काम करायचो त्या देवळाच्या कोरीवकामाच्या छपराखालून मी हिरव्या दगडाचा एक तुकडा आणला, भुंगा कोरला, तिच्या छातीवर ठेवला. देवळातला दगड तोलात कमी भरला. देवळाची माणसं काठ्या घेऊन आली. आम्हा कोरणाऱ्यांना पालथं पाडून तळपायांवर फटके सुरू केले. तिसऱ्या फटक्याला माझ्या तोंडून सासऱ्यांचं नाव

पहिला फटका पडायच्या आधीच बोललास.

तिसऱ्या

काठी अजून वर होती.

हो. वर होती. सेन्नूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, दगड कापताना पाहिलं होतं त्यांनी मला. ते म्हणाले, हो, मीच नेला, जावयाला सोडा. त्यांना खाणीवर धाडलं. तिथे मेलेल्याला गुंडाळत नाहीत. वाळू लोटतात. ताईत नाही, नाव नाही. ज्याने मला नाव कोरायला शिकवलं, त्याचं नाव कुठेच नाही.

झालं. लिहिलं सगळं. आता थांब.

पुराचा तिसरा महिना, दिवस १५

थांबत नाही.

आता शब्द स्पष्ट आहेत. आणि आता तोंडावाटे येतात. सकाळी शेजारणीला दिवस चांगला जावो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, काठी अजून वर होती. ती म्हणाली, काय? मी खोकल्याचं सोंग केलं. पाशेदने भाकरी पुढे केली, मी म्हणालो, ते म्हणाले जावयाला सोडा. पाशेद हसायचा थांबला.

तोंडात बोळा धरून काम करतो. म्हणालो, दात दुखतोय.

पुराचा तिसरा महिना, दिवस १७

मेरेतचा निरोप आला. होडीत बसली आहे. चार दिवसांत पोचेल. तिने लिहवून घेतलं आहे, वडिलांसाठी रोज उंबऱ्याशी भाकरी ठेवते, थडगं नाही तर निदान उंबरा. आणि आमेक, तू आहेस म्हणून मी आहे.

तिला परत फिरवायला माणूस शोधला. वाऱ्यावर येणाऱ्या होडीला वाटेत कोण गाठणार? पूर ओसरायला लागलाय, नावाडी घाईत आहेत.

पुराचा तिसरा महिना, दिवस १९

तोंडात मध भरून पाहिला. चिकणमाती भरून पाहिली. जबडा पट्टीने बांधला. तुरोकडूनच बांधून घेतला, तो म्हणाला, जिवंत माणसाला पहिल्यांदाच बांधतोय, आणि खो खो हसला. पट्टी बांधली की ते आत बोलतं. छाती हलते त्याच्या बोलण्याने. पट्टी सोडली की बाहेर.

देवळात गेलो. पुजाऱ्याला खुणेने सांगितलं, कागदावर लिहून दाखवायचं ठरवलं. लिहायला बसलो तर हाताने ते सगळं — मी कागद खाऊन टाकला.

पुराचा तिसरा महिना, दिवस २१

आली.

मेरेत धक्क्यावर उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर टोपली, कडेवर माझं जुनं पाटलं, कोरताना दगड ज्यावर धरायचा ते. सेन्नूंनी दिलेलं. मला पाहून धावत आली. जबड्याची पट्टी पाहून घाबरली, दाताचंच ना, म्हणाली, दाखव बघू. मी मान हलवत राहिलो. खोलीवर आलो. तिने मसूर निवडायला घेतली आणि सांगत बसली, गावातल्यांनी चोराची पोर म्हणून कसं टाकलं, पाणी भरू दिलं नाही, तरी तिला ठाऊक आहे की बाबा चोर नव्हते. मग उठली, माझ्या मागे आली आणि लाडाने पट्टीची गाठ सोडली.

मी बोललो. माझ्याच आवाजात. सावकाश. दगडापासून काठीपर्यंत सगळं. मध्येच हात तोंडावर दाबले तर बोटांच्या फटींतून. ती पुन्हा खाली बसली होती आणि मसूर निवडत राहिली, खडा बाजूला, दाणा बाजूला, शेवटपर्यंत. मला वाटलं किंचाळेल. मारेल. 

मग म्हणाली, "त्यांचं नाव कधी कोरलंस? कुठेही? एकदा तरी?"

हृदय म्हणालं, नाही.

"कोर," ती म्हणाली. "आमेक, त्यांना काही मिळालं नाही रे. एक दगड मिळू दे. त्यांच्यासाठी कोर आणि वाळवंटात नेऊन ठेव. मग मी काय करायचं ते बघेन."

दुपारच्या होडीने पलीकडे गेली. टोपली घेतली. पाटलं ठेवून गेली.

पुराचा तिसरा महिना, दिवस २२

भुंगा मांडवातच होता, घासलेला, कोरा, पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत. पाशेद नदीवर गेलेला. मी पाटल्यावर धरला. सेन्नूंच्या नावाची पहिली खूण मनात धरली. आणि छातीतलं गप्प झालं.

तेरा दिवसांत पहिल्यांदा. वाऱ्याचा आवाज ऐकू आला. बदकं ऐकू आली. मला रडू फुटलं.

मला ते कोरायचंच होतं. शपथेवर सांगतो, लेखणीचा देव थोथ, त्याच्या नावाने सांगतो, छिन्नी त्यांच्याच नावासाठी टेकवली होती. पण मनात आलं, हे आत्ता ऐकतंय. कोरून झालं, दगड वाळवंटात गेला, की पुन्हा सुरू होईल. उद्या. परवा. रस्त्यात, बाजारात, देवळाच्या माणसांसमोर, आणि मग पुन्हा काठ्या — आणि मेल्यावर पारड्यासमोर. हे कधीच थांबणार नाही. आणि दगड एकच आहे.

नाव सुरेख उठलं.

आमेक.

पुराचा तिसरा महिना, दिवस २३

शांत. किती शांत. सकाळी छातीवर भुंगा ठेवला, वरून पट्ट्यांचे आठ वेढे, कडेला राळ लावून चिकटवलं, सदऱ्याखाली दिसत नाही. मंत्र स्वतःच म्हटला. शेवटच्या शब्दाला आतला आवाज मधेच तुटला. शेजारणीला म्हणालो, दिवस चांगला जावो. तेच म्हणालो! तीन वेळा म्हणालो. ती हसली.

मेरेतला सांगेन की कोरलं. खोटं पुन्हा बोलता येतं आता.

काम झक्कास झालं. भूक नाही लागली.

दिवस २४

अजून भूक नाही. तहान नाही. उन्हात बसलो तरी गार. मांडवापर्यंत चालताना पाय लाकडासारखे.

इतकं शांत का आहे ते पाहायला हात ठेवला. मनगटावर. गळ्यावर. भुंग्याच्या खाली बोट घालून.

ते बोलत नाही. आणि ठोकेही

नाहीत.

पट्टी काढायला हवी. काढली तर ते बोलेल. एक दिवस. फक्त आजचा दिवस शांत जाऊ दे, उद्या काढतो.

दिवस २५

हात वर जात नाहीत. राळ दगडासारखी झाली आहे. मांडवात पाटल्यापाशी बसलोय, सकाळपासून. उठता येत नाही. जीभ हलत नाही. उजव्या हाताची तीन बोटं हलतात, लेखणी त्यांतच —

पाशेद आला. हाक मारली. अब्जूकर, अरे अब्जूकर. खांद्याला हलवलं. मी बघत होतो त्याच्याकडे. श्वास घेतला नाही कधीपासून, लक्षातच — त्याने नाकाशी हात धरला. छातीला कान लावला, दगडालाच लावला. तुरोला हाक मारली. रडला. खरंच रडला पाशेद. म्हणाला, बायको निघून गेली, खचला बिचारा.

माझ्या मांडीवरचा कागद उचलला. त्यावर लिहिलं होतं मी जिवंत आहे. चार वेळा. त्याने उलटा धरला, त्याला वाचता कुठे येतं. म्हणाला, काय देखणं अक्षर होतं पोराचं. परत ठेवला.

डोळे मिटून दिले माझे.

आता अंदाजाने लिहितोय. ओळी वाकड्या होत असतील. फळी आणि पाणी आणायला गेलेत.

एकच आशा आहे. तुरोची बोटं. भुंगा ते काढतात. नेहमी काढतात. सगळं झाल्यावर, पण काढतातच. दगड निघाला की हृदय सुटेल, बोलू दे, काय बोलायचं ते बोलू दे, मोठ्याने, सगळ्यांसमोर, मेरेतसमोर, पुन्हा पुन्हा — ठोका पडेल. पण त्याआधी खार. त्याआधी पोट चिरून — चाळीस दिवस खारात, मग — चालेल. काढा. आत्ताच काढा. तुरो काढ

पावलं. पाणी हिंदकळतंय. सदरा फाडला, पट्ट्या कापल्या. भुंगा दिसला त्यांना. तुरोची बोटं, गार, राळेची, दगडाच्या कडेला लागली. हो. हो. ओढ.

पाशेद म्हणाला, थांब.

म्हणाला, हा स्वतःसाठीच कोरलाय बघ याने. ठेव. आपला माणूस होता. दुसऱ्या सगळ्यांचा काढलास, याचा नाही काढायचा. ऐकलंस ना, तुरो? कानात ओरडला त्याच्या. याचा कधीच

तुरो बोटं मागे घेऊ न